शेंगांना बांधलेले लाल दोरे

मी वाटीला खालून हात मारला. वाटी उडाली, पाणी रेणुकाच्या लुगड्यावर सांडले, आणि मागून कुणीतरी माझा अंबाडा धरून मला ओढले. पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईच्या डोक्यावर केस असून असणार किती. जे होते ते सगळे त्या बाईच्या मुठीत होते.

"देवीचं तीर्थ उडवायलीस?" ती माझ्या कानात ओरडली. "कशाला आलीस हितं?"

"बी गोळा करायला आलेय," मी म्हणाले. खरे तेच सांगितले, पण त्या वेळी ते फारच मूर्खासारखे वाटले.

सोनपेठच्या बाहेर, रस्त्याला लागून असलेले ते अंगण. पत्र्याच्या अर्ध्या कापलेल्या डब्यात एक झाड. झाडाला हळदकुंकू, नारळ, भगवा झेंडा आणि मोजता येणार नाहीत इतके लाल दोरे. ओट्यावर बसलेली रेणुका सात महिन्यांची गरोदर होती आणि सकाळपासून ओकून ओकून पिठासारखी पांढरी पडली होती. तिची सासू गयाबाई दुसरी वाटी भरत होती. वाटीत पाणी, आणि वर, तीर्थात तुळशीचे टाकतात तसे, त्या झाडाचे मोडलेले पान. पानाच्या देठातून पांढरा चीक पाण्यात उतरत होता.

तो चीक विष आहे. माझी एक शेळी त्या झाडाच्या फांद्या खाऊन संध्याकाळच्या आत मेली होती. आणि हे झाड देवी झाले होते ते माझ्यामुळे.

आता पहिल्यापासून सांगते.

आमचे गाव देवगाव फाट्यापासून आत. घरात मुलगा, सून आणि टीव्ही. टीव्ही जास्त बोलतो. मी झाडे लावते, कारण झाडे बोलत नाहीत. भाजीपाल्याची नाही, तो मुलगा लावतो. मी नुसती शोभेची लावते, ज्याला लोक बिनकामाची म्हणतात. गुलबक्षी, तेरडा, कोंबडा, गोकर्ण, चिनी गुलाब, निवडुंगाच्या तऱ्हा. बी विकत आणत नाही. पाकिटावर चित्र असते, आत काय असते ते पाकीट भरणाऱ्यालाही माहीत नसते. ज्या झाडाचे बी हवे ते डोळ्यांनी बघायचे आणि त्याच झाडाचे घ्यायचे.

भाद्रपदात भाचीकडे महालक्ष्म्यांना जेवायला सोनपेठला गेले होते. पुरणपोळी पोटात घेऊन स्टँडकडे परत चालत येताना ते झाड दिसले. नर्सरीवाले त्याला अडेनियम म्हणतात. बुंधा खाली फुगलेला, सगळे पाणी पोटात साठवून बसलेला. मी त्याला ढेरपोट्या म्हणते. गुलाबी रंगाचे ढेरपोटे आता सगळीकडे आहेत, बँकेच्या दारातसुद्धा. पण ह्याची फुले जांभळाच्या रसासारखी काळपट लाल होती आणि पाकळ्या दुहेरी. शिवाय त्याला शेंगा लागल्या होत्या. ढेरपोट्याला शेंगा सहसा लागत नाहीत. लागल्या की जोडीने लागतात, दोन बाजूंना वळलेल्या, अगदी बैलाच्या शिंगांसारख्या.

ह्या शेंगांची गंमत अशी की पिकल्या की एका दुपारी उकलतात. आतले बी काडीसारखे असते आणि त्याच्या दोन्ही टोकांना कापूस असतो. वारा आला की बी उडाले. पोरे असल्या उडणाऱ्या बीला म्हातारी म्हणतात. म्हणून शेंग हिरवी असतानाच तिला दोरा गुंडाळून ठेवायचा. मग शेंग उकलली तरी बी आतच राहते आणि आपण सवडीने येऊन न्यायचे.

घराला कुलूप होते. विचारायला कुणी नव्हते, आणि असते तरी मी विचारले नसते. आमच्याकडे बायका बी मागितले की तोंड फिरवतात. दिवेलागणीला तर देतच नाहीत. बी दिले की आपल्या झाडाची बरकत जाते म्हणे. त्यामुळे बी गोळा करणारी बाई दुपारी फिरते, लोक झोपलेले असताना. मी पिशवी चाचपली. त्यात भाचीने दिलेली खारीक, सुपारी, आणि महालक्ष्म्यांच्या पूजेतून उरलेली लाल दोऱ्याची रिळी होती. दोरा पक्का होता. जेवढ्या शेंगा होत्या तेवढ्यांना गुंडाळला, गाठी मारल्या आणि एसटी पकडली. देव डोक्यात नव्हता. एसटी चुकेल एवढेच डोक्यात होते.

कार्तिक संपत आला तसा शेंगा पिकण्याचा हिशेब जुळला. मी पिशवी भरली. बी ठेवायला मी औषधाच्या रिकाम्या बाटल्या वापरते, गोळ्यांच्या. झाकण घट्ट बसते. गोळी कशाची ते दवाखान्याने वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिलेले असते.

"माय, बियांसाठी कामून (कशाला) फिरायलीस?" मुलगा म्हणाला. "ह्या वयात बाया देवाला जातेत."

"देव कुठं पळून चाललाय. शेंगा उकलतील."

फाट्यावर चहा घेतला. चहावाल्याने साखर इतकी घातली होती की चमचा उभा राहिला असता. गाडी आली. ह्या वयात लाल गाडीत तिकीट लागत नाही, फक्त कार्ड दाखवावे लागते. कार्ड काढताना पिशवीतल्या बाटल्या कंडक्टरच्या पायाशी सांडल्या. तो खाली वाकून गोळा करायला लागला. एकेका बाटलीवरचे नाव वाचून त्याचा चेहरा पडत गेला.

"बीपी, शुगर, थायरॉईड, फिट्स," तो म्हणाला. "आजी, तुमी एकट्या कशाला निघालाव?"

"सगळं बरं झालंय. बाटल्या रिकाम्या हायेत."

त्याने एका तरण्याला उठवून मला खिडकीजवळ बसवले. मी बसले. फुकट मिळालेली जागा नाकारण्याइतकी मी भली नाही.

सेलू, परभणी, गंगाखेड असे करत आधी पालम गाठायचे होते, सोनपेठ दुसऱ्या दिवशी. तिथे माझी मावसबहीण चंद्रभागा राहते. वाटेत कापसाची शेवटची वेचणी चालली होती. तूर पिवळी झाली होती. एरवी ह्या दिवसांत दारोदार धूर दिसतो. आता अर्ध्या दारांना कुलपे होती. टोळ्या ऊसतोडीला गेल्या होत्या. एका गावात तर अंगणात नुसत्या म्हाताऱ्या आणि कोंबड्या, आणि दोन्ही एकसारख्याच कुरकुरत होत्या.

चंद्रभागा माझ्याहून लहान आहे, पण जास्त म्हातारी दिसते. हे मी तिला दर वेळी सांगते. तिने ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या डाळी-धान्याच्या मसाल्याची आमटी) केले होते. येसर असे झणझणीत की नाक, डोळे आणि जुने भांडण सगळे मोकळे झाले. तिच्या गच्चीवर जुन्या टायरांत चिनी गुलाब आहे, लोक त्याला ऑफिस टाइम म्हणतात, कारण ते दहाला उघडते आणि पाचला मिटते. तिच्याकडे त्यातला नारिंगी पट्ट्यांचा आहे.

दुपारी ती घोरायला लागली तशी मी गच्चीवर गेले. चिनी गुलाबाच्या बोंडाला बारीक टोपी असते. पिकली की टोपी आपोआप सुटते आणि आत बंदुकीच्या दारूसारखे करडे बी. खाली वाटी धरून बोटाने टिचकी मारायची. मी टिचक्या मारत होते आणि एकाएकी मला शिंक आली. वाटीतले सगळे बी पालम गावावर उडाले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"झालं का?" मागून आवाज आला. चंद्रभागा जिन्यात उभी होती.

"काय झालं का?"

"मला माहीत हाय ना. दर साली नेतीस. ने. फक्त मागू नको. मागितलंस तर मला न्हाई म्हणावं लागंल."

मी बाटली भरून घेतली. ती पाठ करून उभी राहिली, म्हणजे तिने पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनपेठला निघाले. गंगाखेडला गाडी बदलली. नव्या गाडीत शेजारी एक जाडजूड बाई बसली होती, मांडीवर नारळांची पिशवी.

"कुठं चाललाव?" मी विचारले.

"सोनपेठला. शिंगाच्या देवीला." मला माहीत नाही म्हणून तिला माझी कीव आली. "तुमी ऐकलं न्हाई? एका बाईच्या दारातल्या झाडाला शिंगं फुटली. घराला कुलूप होतं, समदे शेतात गेलते. परत येऊन बघतेत तर शिंगांना लाल दोरे. कुणी बांधले न्हाईत, देवीनं सोता बांधले. गाठ बी माणसाची न्हाई म्हणतेत."

मी पदर तोंडात धरला. ती गाठ म्हशीच्या दाव्याची होती, मला दुसरी येत नाही.

"नवसाला पावती का?" मी विचारले.

"लय कडक हाय."

मला हसू आवरेना. खिडकीबाहेर बघत राहिले. तेव्हा तिला सांगितले असते तर ती पुढच्या थांब्यावर उतरून नारळ घरी घेऊन गेली असती, किंवा मला गाडीबाहेर ढकलले असते. मी सांगितले नाही. मजा बघावी असे वाटले.

मजा लांबूनच दिसली. झेंडा, बायकांचा घोळका, उदबत्तीचा धूर. जवळ गेले आणि माझे डोके फिरले. झाड पाण्यात उभे होते. ढेरपोट्याला थंडीत पाणी चालत नाही. महिनाभर कोरडे ठेवले तरी तो पोटातले पीत बसतो. इथे तर येणारी प्रत्येक बाई एक तांब्या ओतत होती, काही दूधही. गर्दीत वाकून मी बुंध्याला अंगठा लावला. अंगठा आत गेला, सडक्या बटाट्यात जातो तसा. वर शेंगा मात्र जागच्या जागी होत्या, तपकिरी पडलेल्या, माझा दोरा घट्ट धरून.

"दर्शन घ्या मावशी, पुढं सरका," एक तिशीतली बाई म्हणाली. ही शेवंता, गयाबाईची शेजारीण. गर्दी सांभाळायचे काम तिने स्वतःहून घेतले होते आणि ते तिला मानवले होते.

"झाड सडलंय," मी म्हणाले.

"देवी सोडून बोला."

गयाबाई साठीची, वाळलेली, लगबगीची बाई. मी गावाहून आले म्हटल्यावर तिने मला ओट्यावर बसवले आणि न विचारता सगळे सांगितले. मागच्या साली मुलगा आणि सून दोघे ऊसतोडीला गेले होते. सून पोटुशी होती. कारखान्याजवळच्या कोपीत (ऊसतोड्यांच्या पालात) सातव्या महिन्यात पोर गेले. ह्या साली पुन्हा दिवस राहिले तेव्हा मुलगा बापाला घेऊन टोळीत गेला आणि बायकोला आईजवळ ठेवून गेला. जाताना एवढेच म्हणाला, माय, हिचा जिम्मा तुझ्यावर.

"आन बघा," गयाबाई म्हणाली, "ज्या हप्त्यात दोरे आले, त्याच हप्त्यात पोटातलं पोर हलायला लागलं. आता सातवा लागलाय. म्हणून परवापसून तीर्थ सुरू केलं. रोज सकाळ-संध्याकाळ."

"कशाचं तीर्थ?"

तेव्हा तिने पान मोडले आणि वाटीत टाकले. आणि आतून रेणुका आली, भिंत धरून. विशीतली पोर. खाली बसताना तिचा तोल गेला.

"सकाळपसून ओकायलीय," गयाबाई म्हणाली. "दोष बाहेर पडायलाय."

रेणुकाने मान डोलावली आणि वाटी तोंडाला लावली. मी हात मारला तो तेव्हा.

आता केस धरले तिथपर्यंत आलो. केस शेवंताने धरले होते.

"ते इख हाय," मी म्हणाले. "माझी शेळी मेली ह्यानं."

"आमच्या सुनंला शेळी म्हणायलीस?" शेवंता ओरडली.

"शेळीला म्हणायले. शेळी ओकली न्हाई, म्हणून मेली. ही ओकायलीय म्हणून जिती हाय."

बायका भोवती गोळा झाल्या. गाडीतली नारळवालीही होती. मी सांगितले की दोरे मी बांधले, बियांसाठी, भाद्रपदात. कुणी विश्वास ठेवला नाही. मी पिशवीतून रिळी काढून दाखवली. गयाबाई म्हणाली, असला दोरा कुठल्याही दुकानात मिळतो. ते खरेच होते. मी म्हशीच्या दाव्याची गाठ मारून दाखवली. नारळवाली म्हणाली, "देवीनं हिच्या अंगात येऊन बांधून घेतला असंल. हिला काय कळतंय." त्यावर घोळक्यातल्या दोघींनी मला हात जोडले. शेवंताने केस सोडले, पण ते श्रद्धेने. मला एवढा राग आयुष्यात कधी आला नव्हता.

"बरं," मी गयाबाईला म्हणाले, "तुमी एक वाटी प्या. माझ्यासमोर. सुनंला देताव, सोता कामून न्हाई?"

गयाबाईने वाटीकडे पाहिले. "माझा उपास हाय," ती म्हणाली.

"तीर्थानं उपास मोडत न्हाई."

तिने वाटी कडेला सारली आणि तांब्या उचलला.  मग रेणुका बोलली. तिचा आवाज फार बारीक होता, पण सगळ्यांनी ऐकला.

"आत्याबाई, डोळ्यापुढं पिवळं दिसायलंय. छातीत ठोका चुकल्यागत होतंय. मला दवाखान्यात न्या."

"पर देवीचं..."

"मागल्या साली बी मी म्हणले होते, दवाखान्यात न्या. तवा टोळीचा मुकादम म्हणला, उसाचा फड संपू दे." तिने ओट्याची कड घट्ट धरली. "आता कुणी मुकादम न्हाई. न्या मला."

गयाबाईच्या हातात तांब्या होता. तो तिने खाली ठेवला नाही, नुसता सोडून दिला. आत गेली, घोंगडी आणली, चपला आणल्या, त्यातली एक शेवंताची होती. मी देवीची एक फांदी मोडून, चीक हाताला लागणार नाही अशी पिशवीत गुंडाळून घेतली. कुणी अडवले नाही. शेवंतानेच पळत जाऊन अॅपे (तीन चाकी रिक्षा) आणली.

सोनपेठचा सरकारी दवाखाना जवळच आहे, पण रस्ता असा की अॅपेत बसलेल्या गरोदर बाईला वाटेतच मोकळे व्हावे. रेणुकाचे डोके माझ्या मांडीवर होते आणि पाय गयाबाईच्या. गयाबाईच्या कपाळावरचे कुंकू घामाने नाकावर उतरले होते. ती पुटपुटत होती. कुठल्या देवाला ते मी विचारले नाही.

डॉक्टर बाई तरुण होती. "काय घेतलं?" एवढेच विचारले. मी फांदी पुढे केली. तिने वास घेतला नाही की हात लावला नाही, लगेच नर्सला हाक मारली. "ह्याचा चीक काळजाचे ठोके मंद करतो. केव्हापासून घेतेय?" गयाबाईने सांगितले. डॉक्टर बाई रागावली नाही. तिला रागवायला वेळ नव्हता. सुई लावली, छातीला वायरी लावल्या, पोटाला यंत्र लावून पोराचे ठोके ऐकले, आणि म्हणाली, परभणीला न्यावे लागेल, आत्ताच्या आत्ता.

रुग्णवाहिका आली. ड्रायव्हर म्हणाला, पेशंटसोबत एकच बाई.

"ही बी येणार," गयाबाईने माझा दंड धरला. "हिनंच दोरा बांधलाय."

म्हणजे आता तिचा विश्वास बसला होता.

आयुष्यभर मी परभणी जिल्हा लाल गाडीतून बघितला, थांबत थांबत, शेंगदाणे खात. रुग्णवाहिकेतून त्यातला काहीच दिसत नाही. गोदावरीचा पूल आला तो फक्त चाकांच्या आवाजावरून कळला. एकदा ब्रेक लागला तेव्हा माझ्या पिशवीतली चिनी गुलाबाची बाटली घरंगळून गयाबाईच्या पायाखाली गेली. तिने ती उचलली, वाचली. वाचता येते तिला.

"तुमाला फिट्स येतेत?"

"न्हाई. त्यात बी हाय."

"अजून बी कुठं दोरे बांधलेत का?"

"न्हाई."

"सुतळी नव्हती का घरात?" ती म्हणाली. "काळा दोरा नव्हता? रबर नव्हतं?"

 रेणुका डोळे मिटून पडली होती, पण तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले. हसू असावे. ओकारी असावी असेही मला वाटले, म्हणून मी भांडे पुढे केले.

परभणीच्या मोठ्या दवाखान्यात आम्ही बरेच दिवस काढले. रेणुका आत, यंत्राखाली. आम्ही दोघी बाहेर, जिन्याखाली, चटई टाकून. डॉक्टर आले की एकच सांगायचे, ठोके अजून सरळ नाहीत, बघू. पोराचे? बघू. गयाबाई दर वेळी मला विचारायची, बघू म्हणजे काय. मी म्हणायचे, म्हणजे त्यांनाही माहीत नाही. दुसरी कुणी असती तर तिने गोड बोलून धीर दिला असता. मला ते जमत नाही आणि तिला ते नको होते. कारखान्यावरून तिच्या मुलाचा फोन आला तेव्हा तिने तो माझ्या हातात दिला.

"तुमीच सांगा. मी काय सांगू, देवी सडली म्हणून?"

मी सांगितले.  तो एवढेच म्हणाला, "मी निघालो." टोळी सोडून आला. मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ पैशांचे काय केले ते मला माहीत नाही.  आल्यावर रेणुकाच्या खोलीच्या दारातच बसून राहिला.

आम्ही दोघी मात्र बोलत होतो, म्हणजे भांडत होतो. तिचे म्हणणे, दोरा दिसला तेव्हा तिला पहिल्यांदा झोप लागली होती. मागच्या सालापासून लागली नव्हती. माझे म्हणणे, झोप लागावी म्हणून सुनेला विष पाजायचे का. ती म्हणायची, मला काय माहीत विष. मी म्हणायचे, मला काय माहीत देवी. इथवर आलो की एकजण भाकरी मोडायची. रुग्णांच्या नातेवाइकांना मिळणारी तिथली डाळ इतकी पातळ की वाटीचा तळ वाचता यायचा. गयाबाईने कमरेच्या पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली आणि मला न विचारता माझ्या भाकरीवर टाकली.

मग एका सकाळी डॉक्टर बघू म्हणाले नाहीत. म्हणाले, आता वॉर्डात हलवतो, पण बाळंतपणापर्यंत दर आठवड्याला आणायचे.

मी त्याच दिवशी निघाले. नवरा आला होता, सासू होती, माझे काम नव्हते. जाताना रेणुका म्हणाली, "आजी, शेंगा घेऊन जावा. न्हाईतर उडून जातील."

म्हणून वाट वाकडी करून सोनपेठला उतरले. झाड आडवे पडले होते. बुंध्याचा चिखल झाला होता आणि त्यावर माश्या बसत होत्या. झेंडा कुणीतरी नेला होता. बायका येत नव्हत्या, पडलेल्या देवीला कोण येते. शेवंता एकटी तिथे उभी होती, माझ्याकडे बघत.

मी खाली बसून माझ्या दोऱ्याच्या शेंगा कापल्या. त्या कोरड्या होत्या, आत बी खुळखुळत होते. असल्या दुहेरी फुलाच्या बीतून पुन्हा तसेच फूल येईल ह्याची खात्री नसते. बहुधा साधे गुलाबीच येते. तरी घेतल्या.

"माझा बी एक दोरा हाय त्यात," शेवंता म्हणाली. "त्याचं काय?"

"काय मागितलं होतंस?"

"नवऱ्याची दारू सुटावी."

मी सडक्या बुंध्याकडे बोट दाखवले. "हे बघ. कुणाचं न ऐकता पीत राहिलं की असं होतं. आन ह्याला तर तुमी हातानं पाजलं."

ती हसली. मग म्हणाली, "केस धरले म्हणून राग न्हाई ना?"

"हाय," मी म्हणाले. "लय दुखलं." ती ओशाळून आत गेली आणि चहा घेऊन आली. चहा चांगला होता. राग तसाच आहे.

फाट्यावर उतरले तेव्हा चहावाल्याने विचारले, कुठल्या देवाला जाऊन आलात एवढे दिवस. मी म्हणाले, गेले नव्हते, एक पाडून आले. घरी आले. सुनेने टीव्हीवरून नजर न काढता विचारले, मिळालं का बी. मी हो म्हणाले.

परदेश फिरून आलेली माणसे म्हणे घरी येऊन बदलतात. मी जिल्ह्याच्या बाहेर गेले नाही, त्यामुळे फारशी बदलले नाही. अजूनही विचारल्याशिवाय बी घेते. चंद्रभागेला मागितले तर ती नाही म्हणेल, हे अजूनही खरे आहे. पण दारात माणूस असेल तर एवढे सांगते, बाई, हा दोरा माझा आहे, शेंग उकलू नये म्हणून बांधलाय, आणि ह्याचे पान तोंडात घालू नका. आणि आता सुतळी वापरते. दिसायला घाण दिसते, पण सुतळीला कुणी हात जोडत नाही. लोक मला वेडी म्हणतात ते चालते. देवी म्हणाले ते नाही चालले.

गयाबाई एकटी सून सांभाळत होती, नवरा आणि मुलगा दोघे ऊसतोडीला, जिम्मा एकटीवर. तिला आधाराला काहीतरी धरायचे होते आणि माझा दोरा हाताला लागला. एवढेच मला कळले. ह्यात दोष किती तिचा आणि किती माझा ते आम्ही अजून भांडून ठरवतो, फोनवर, ती मला रविवारी करते.

माघात फोन आला तो रविवार नव्हता, म्हणून मी घाबरले.  गयाबाई म्हणाली, मुलगी झाली, बारकी हाय, पर रडायली जोरात.

झाड मेले. रेणुका आणि तिची मुलगी जगल्या.